स्मारक नाण्यातली व्हरायटी कशी ओळखायची : आधी काटा, भिंग सगळ्यात शेवटी

आठवड्याला दोन-तीन तरी फोटो येतातच. "दादा, हे शिवाजी महाराजांचं दोन रुपयाचं बघा, खालचं टिंब वेगळं दिसतंय, रेअर आहे का?" फोटो एकाच बाजूचा, ट्यूबलाइटखाली काढलेला, नाणं अंगठ्यात धरलेलं आणि त्यावर कालच्या जेवणाचं तेल. ह्यावर काय सांगणार? वजन विचारलं की म्हणतात काटा नाही, कडा कशी आहे विचारलं की म्हणतात "कडा म्हणजे?" आणि मिंट मार्क (टांकसाळीची खूण) मात्र मोबाइलवर झूम करून करून डोळे फुटेस्तोवर बघितलेला असतो.

गडबड इथेच होते. लोक शेवटची पायरी आधी करतात, म्हणून तीन रुपयाच्या गोष्टीसाठी तीनशे मोजतात आणि खरी व्हरायटी (तेच नाणं, पण काहीतरी वेगळं असलेलं) गल्ल्यात खर्चून टाकतात. खाली जो क्रम दिलाय तो तसाच पाळा, मधली पायरी गाळू नका. उदाहरणं सगळी भारताच्या 1964 पासूनच्या स्मारक नाण्यांची, म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या किंवा प्रसंगाच्या आठवणीत काढलेल्या नाण्यांची आहेत, कारण आपल्याकडे डब्यात, गल्ल्यात आणि जुन्या बाजारात तीच सापडतात.

## तयारी : टेबलावर काय काय हवं

सोनार वापरतात तसला छोटा डिजिटल काटा, 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा. किचनचा काटा चालत नाही, तो 1 ग्रॅमच्या पटीत बोलतो. 10 पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. 30 पट, 60 पट लिहिलेली स्वस्त भिंगं घेऊ नका, त्यात एवढुसा भाग दिसतो की प्रत्येक खरचटा म्हणजे मोठा शोध वाटायला लागतो. प्लास्टिकचा कॅलिपर घ्या, लोखंडी नको, ओरखडा पडतो. साधा लोहचुंबक दोऱ्याला बांधून ठेवा. हलवता येईल असा टेबल लॅम्प, खाली गडद रंगाचं मऊ कापड आणि एक वही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे कोणी ठेवत नाही : त्याच विषयाची आणखी दोन-तीन साधी नाणी. तुलनेला काही नसेल तर "वेगळं" म्हणजे कशापेक्षा वेगळं?

सावधान : नाणं घासू नका. चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पावडर, टूथपेस्ट काही म्हणजे काही नाही. चमक येते पण ठशाची (नाण्यावर छाप उठवणाऱ्या साच्याची) बारीक रेघ जाते, आणि मग पायरी 8 वर तुम्हाला जे दिसेल ते तुमच्याच घासण्याचं असेल. फारच चिकट असेल तर साध्या पाण्यात भिजवा आणि मऊ फडक्यावर ठेवून टिपून घ्या, चोळायचं नाही.

## 1. आधी नाणं नेमकं कोणत्या प्रसंगाचं ते लिहून काढा

हे इतकं सोपं वाटतं की लोक करतच नाहीत. दोन्ही बाजूंवरचा सगळा मजकूर, हिंदी आणि इंग्रजी दोन्ही, अक्षर न् अक्षर वहीत उतरवा. होतं काय की माणूस तोच असतो पण प्रसंग वेगळा असतो. नेहरूंचं नाणं 1964 चं आहे, जन्मशताब्दीचं 1989 चं आहे, 125 व्या जयंतीचं 2014 चं आहे. बाबासाहेबांचं एक रुपयाचं 1990 चं आणि दहा रुपयाचं 2015 चं. ही एकमेकांच्या व्हरायट्या नव्हेत, ही सरळ वेगवेगळी नाणी आहेत. व्हरायटी म्हणजे विषय तोच, किंमत तीच, वर्ष तेच, आणि तरीही काहीतरी ठरवून किंवा ठसा बदलल्यामुळे वेगळं.

मजकूर उतरवायचा तो का, त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे 1964 चे नेहरूंचे 50 पैसे. त्यात एका प्रकारावर नाव इंग्रजीत आहे आणि दुसऱ्यावर हिंदीत. चेहरा तोच, आकार तोच. कित्येकांच्या अल्बममध्ये दोन्ही एकाच कप्प्यात एकमेकांच्या मागे पडलेली असतात कारण "नेहरू आहे ना, आहे माझ्याकडे" म्हणून पुढे गेलेले. हा भिंग न लावता दिसणारा फरक आहे, नुसतं वाचायचं होतं.

दुसरी गफलत साध्या चलनातल्या नाण्याला स्मारक समजायची. अकरा कोनांच्या दोन रुपयावर भारताचा नकाशा आणि राष्ट्रीय एकात्मता असं लिहिलंय म्हणून लोक ते जपून ठेवतात. 1982 चं मोठं गोल नकाशावालं ते स्मारक, नंतरची अकरा कोनी वर्षानुवर्षं निघालेली नेहमीची. त्यातही व्हरायट्या खूप आहेत पण तो वेगळा विषय, ह्या यादीत घुसवू नका.

तपासा : वहीत किंमत, विषय, दोन्ही भाषांतला मजकूर आलाय का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## 2. वजन आणि लोहचुंबक

ह्या पायरीवर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण स्मारक नाण्यांतल्या सगळ्यात खऱ्याखुऱ्या, कॅटलॉगमध्ये नंबर असलेल्या व्हरायट्या इथेच सापडतात आणि लोक इथेच घाई करतात.

माझीच गोष्ट सांगतो. लालबहादूर शास्त्रींचं 2004 चं पाच रुपयाचं नाणं, माझ्याकडे पंधरा-वीस जमलेली, एका काचेच्या बरणीत. सगळी सारखीच म्हणून ठेवलेली, जास्तीची अदलाबदलीला. शेजारचा पोरगा फ्रिजवरचा चुंबक घेऊन खेळत होता, त्याने तो बरणीच्या बाहेरून लावला आणि वर ओढत नेला तर काही नाणी काचेला चिकटून वर निघाली आणि बाकीची तळाशी शांत. मी चहा तसाच ठेवला. सहा चिकटली. काट्यावर टाकली तर चिकटलेली 6 ग्रॅमच्या आसपास, न चिकटलेली 9 ग्रॅमच्या आसपास. इतकी वर्षं बरणीत दोन प्रकार होते आणि मी भिंग लावून मिंट मार्क बघत बसलेलो.

त्या काळात पाच रुपयाचं नाणं तांबं-निकेलवरून स्टेनलेस स्टीलवर गेलं, आणि बऱ्याच विषयांची नाणी दोन्ही धातूंत निघाली. शास्त्रींचं 2004, दांडी यात्रेच्या 75 वर्षांचं 2005, महात्मा बसवेश्वर, नारायण गुरु आणि ओएनजीसीचं 2006 च्या वेळचं, ही सगळी दोन्ही धातूंत बघायला मिळतात. चित्र तेच, वर्ष तेच. व्यास दोन्हीचा 23 मिमी, त्यामुळे एकावर एक ठेवली तरी कळत नाही, उभी करून शेजारी ठेवली की स्टीलवालं पातळ दिसतं. केएम नंबर (क्राउसे-मिशलर कॅटलॉगमधला नाण्याचा नंबर) वापरत असाल तर लक्षात ठेवा, नंबराच्या मागे लागलेलं "ए" अक्षर सहसा धातू बदलल्याचं असतं आणि पॉइंट वन, पॉइंट टू हे डिझाइनच्या बारीक फरकाचं.

नेहमी लागणारे आकडे :

- 1 रुपया, नेहरू 1964 आणि गांधी शताब्दी : निकेल, 10 ग्रॅम, 28 मिमी
- 50 पैसे, तेच दोन्ही विषय : निकेल, 5 ग्रॅम, 24 मिमी
- 1 रुपया, 1990-91 ची (आंबेडकर, राजीव गांधी वगैरे) : तांबं-निकेल, 6 ग्रॅम, 26 मिमी
- 1 रुपया, नंतरची (संत ज्ञानेश्वर 1999 सारखी) : स्टेनलेस स्टील, 4.85 ग्रॅम, 25 मिमी
- 2 रुपये, अकरा कोनी (शिवाजी महाराज 1999, संत तुकाराम 2002) : तांबं-निकेल, 6 ग्रॅम, 26 मिमी
- 5 रुपये, इंदिरा गांधींचं मोठं : तांबं-निकेल, 12.5 ग्रॅम, 31 मिमी
- 5 रुपये, नंतरची लहान : तांबं-निकेल 9 ग्रॅम किंवा स्टील 6 ग्रॅम, 23 मिमी
- 5 रुपये, 2009 नंतरची पिवळी : निकेल-ब्रास, 6 ग्रॅम, 23 मिमी

सावधान : चुंबकाला चिकटलं म्हणजे स्टील, हा निष्कर्ष 1964 आणि 1969 च्या नाण्यांवर सपशेल फसतो. त्यातली एक रुपया आणि 50 पैशांची शुद्ध निकेलची आहेत आणि निकेलसुद्धा चिकटतं. "माझ्याकडे नेहरूंचं लोखंडी एरर (पाडताना चूक झालेलं नाणं) आहे" असं म्हणणारे मला आजवर किती भेटले सांगू शकत नाही. उलट गांधींचं एक रुपयाचं चिकटलं नाही तर मात्र शंका घ्या, आणि ती व्हरायटीची नाही तर बनावटीची.

सावधान : हार्ड डिस्कमधून काढलेला तगडा चुंबक वापरू नका. नाणं त्यावर खाडकन आपटतं आणि ओरखडा कायमचा. दोऱ्याचा साधा चुंबक जवळ न्या, तो नाण्याकडे झुकला तरी पुरे.

आणि काट्याबद्दल एक. 6 च्या जागी 5.94 आलं म्हणून उड्या मारू नका. झिजलेलं नाणं हलकं होतंच, नवं नाणंसुद्धा थोडं इकडेतिकडे असतं. 9 की 6 हा फरक कधीच संशयास्पद नसतो, तिथे बोला.

## 3. कडा

नाणं चिमटीत उभं धरून गोल फिरवा. तीन गोष्टी दिसू शकतात : साधी गुळगुळीत कडा, उभ्या रेघांची कडा, किंवा रेघांच्या मधोमध गेलेली एक खाच आणि त्या खाचेत बारीक मण्यांसारखं नक्षीकाम. ह्या तिसऱ्याला सिक्युरिटी एज म्हणतात. लहान जाड पाच रुपयाच्या नाण्यात ही सहसा असते. त्याच विषयाच्या दोन नाण्यांना दोन वेगळ्या प्रकारच्या कडा दिसल्या तर तो कॅटलॉगमध्ये शोधण्यालायक फरक आहे, म्हणून वहीत कडेचा रकाना हवाच.

बघायची सोपी रीत : त्याच विषयाची सगळी नाणी गड्डी करून आडवी ठेवा, लॅम्प बाजूने मारा. वेगळी कडा गड्डीत लगेच उठून दिसते, एकेकटं बघताना दिसत नाही.

फसायची जागा : लॉकेट किंवा ताईत करायला सोनाराकडे कडा घासलेली नाणी. इंदिरा गांधींच्या मोठ्या नाण्यांत हे खूप. "प्लेन एज" म्हणून विकायला येतात. कडेवर कुठेतरी डाक लावल्याचा ठिपका असतो, आणि वजन 12.5 च्या बरंच खाली. आधीची पायरी केली असेल तर फसणार नाही.

## 4. सिंहाची बाजू : इथे कोणी बघतच नाही

सगळं लक्ष चेहऱ्याकडे. पण ठसे दोन असतात आणि सिंहाच्या बाजूचा ठसा बदलला तर व्हरायटी तिथेच तयार होते. आपल्या रुपयाचं ₹ हे चिन्ह जुलै 2010 मध्ये स्वीकारलं गेलं आणि नाण्यांवर 2011 पासून आलं. म्हणून त्या दोन-तीन वर्षांतलं कुठलंही स्मारक नाणं हातात आलं की सिंहाखाली काय आहे ते आधी बघा, नुसता आकडा आणि "रुपये" शब्द, की चिन्ह. रिझर्व्ह बँकेच्या 75 वर्षांची 2010 ची नाणी चिन्हाशिवायची, वैष्णोदेवीची 2012 ची चिन्हासकट. मधल्या काळातल्या नाण्याची दोन्ही बाजू लिहिल्याशिवाय कुणाशी अदलाबदल करू नका.

बाकी काय बघायचं : "सत्यमेव जयते" सिंहाच्या किती जवळ आहे, आकड्याची उंची, "भारत" आणि "इंडिया" शब्द काठापासून किती आत, अक्षरं जाड की बारीक. नुसत्या नजरेने "जरा मोठं वाटतंय" असं लिहू नका. दोन रीती आहेत. एक, घड्याळाची : नाणं सरळ धरून शब्द किती वाजता सुरू होतो आणि किती वाजता संपतो ते लिहा, "भारत 9 ला सुरू, 10 ला संपतं" असं. दुसरी, फोटोची : मोबाइल पुस्तकांच्या दोन ढिगांवर आडवा टेकवून खाली नाणी एकाच जागी ठेवून फोटो काढा, मग एक फोटो अर्धा पारदर्शक करून दुसऱ्यावर बसवा. काठ जुळवले की डिझाइन खरंच सरकलंय का ते दिसतं. हाताने धरून काढलेल्या फोटोत मोबाइल एक बोटभर तिरका झाला तरी अक्षरं लहान-मोठी होतात, अर्ध्या "मोठा आकडा, लहान आकडा" व्हरायट्या अशाच जन्माला आल्यात.

तपासा : दोन्ही बाजूंचे सरळ वरून काढलेले फोटो आहेत ना? एकाच बाजूचा फोटो पाठवून उत्तर मागू नका, कोणी जाणकार देणार नाही आणि जो देईल तो जाणकार नसेल.

## 5. वर्ष : नाण्यावर छापलेलं म्हणजे पाडलेलं असं नाही

गांधीजींच्या नाण्यावर 1869-1948 लिहिलेलं आहे, बाकी कुठेही वर्ष नाही. ती 1969 ला शताब्दीच्या निमित्ताने निघाली. तरी दर महिन्याला कोणीतरी "1948 चं गांधी नाणं, स्वातंत्र्यानंतरचं पहिलं" म्हणून विकायला काढतंच. स्वतंत्र भारताचं पहिलं स्मारक नाणं 1964 चं, नेहरूंचं. तसंच इंदिरा गांधींच्या नाण्यावर 1917-1984, पण नाणं 1985 चं.

उलटाही प्रकार असतो. लोकमान्य टिळकांची 150 वी जयंती 2006 ला झाली, पाच रुपयाचं नाणं 2007 चं. म्हणून वहीत दोन रकाने करा, "प्रसंगाचं वर्ष" आणि "नाण्यावरचं पाडल्याचं वर्ष", दुसरं नसेल तर "नाही" असं लिहा, रिकामं सोडू नका. रिकामा रकाना महिन्याभराने तुम्हीच चुकीचा भरता.

## 6. आता मिंट मार्क

चार टांकसाळी, चार खुणा. मुंबईची चौकट (पत्त्यातल्या चौकटसारखी), हैदराबादचा पाच टोकांचा तारा, नोएडाचं गोल टिंब, आणि कोलकात्याची खूणच नाही. बहुतेक नाण्यांवर खूण वर्षाच्या खाली असते. मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर (संग्राहकांसाठी खास पाडून सेटमध्ये विकलेल्या) आधी इंग्रजी बी आणि 1996 पासून एम. त्यामुळे गल्ल्यात बी किंवा एम असलेलं नाणं सापडलं तर तो ठशाचा चमत्कार नाही, कोणीतरी सेट फोडून खर्च केलाय एवढंच. (कोणाच्या तरी घरात ह्यावरून जोरदार भांडण झालेलं असणार.)

नोएडाची टांकसाळ 1988 ला सुरू झाली. म्हणजे 1985 च्या इंदिरा गांधींच्या नाण्यावर "नोएडाचं टिंब" दिसलं तर ते टिंब नाही, दुसरं काहीतरी आहे. एवढं एक वर्ष लक्षात ठेवलं तरी निम्मे वाद मिटतात.

आता दोन मोठ्या चुका, दोन्ही रोजच्या.

एक, झिजलेली चौकट टिंबासारखी दिसते. अकरा कोनी दोन रुपयाच्या नाण्यात तर हमखास. वर सांगितलेलं शिवाजी महाराजांचं नाणं हेच होतं. ते नाणं पुढे माझ्याकडे आणलं तेव्हा लॅम्प डाव्या बाजूने अगदी खाली, जवळजवळ टेबलाला टेकवून मारला, आणि नाणं हळूहळू गोल फिरवलं. खरं टिंब असेल तर सावली सगळीकडून गोलच राहते. ह्याची सावली दर पाव फेऱ्याला टोकदार व्हायची आणि परत बोथट. चार टोकं, म्हणजे चौकट, म्हणजे मुंबई. शेजारी त्याच नाण्याचे "9" चे आकडे बघितले तर त्यांच्या पोटातली जागाही झिजून भरत आलेली, म्हणजे झीज सगळीकडेच होती. खूण एकटी कधीच झिजत नाही, आजूबाजूचंही बघा.

दोन, खूण नाही म्हणून "कोलकाता". ठशात तेलकट मळ साचला की बारीक खूण उठतच नाही किंवा अर्धवट उठते. कोलकात्याला खूण नाही आणि मळाने भरलेल्या ठशालाही खूण नाही, मग ओळखायचं कसं? आधी तिरक्या उजेडात त्या जागी भुताटकीसारखा हलका उंचवटा दिसतो का बघा. मग त्याच भागातली बाकी बारीक गोष्ट, आकड्यांची टोकं, जवळची अक्षरं, ती पण पुसट आहेत का बघा. पुसट असतील तर मळ. आणि त्या विषयाचं नाणं कोलकात्याने पाडलंच होतं का हे कॅटलॉगमध्ये पाहा, प्रत्येक विषय चारही ठिकाणी पाडला गेला नाही.

सावधान : चौकटीची दोन टोकं सुईने खरवडून टिंब केलेली, किंवा खूण पूर्ण उडवलेली नाणी बाजारात असतात. खरवडलेल्या जागी धातूची चमक वेगळी दिसते आणि भोवती एकाच दिशेच्या बारीक रेघा असतात. मी एकदा एका विक्रेत्याकडून असंच एक "बिनखुणेचं" घेतलं, पावसाळी संध्याकाळ, पिवळा बल्ब, घरी येऊन बघतो तर चक्क ब्लेडच्या रेघा. तेव्हापासून पिवळ्या बल्बखाली काहीही घेत नाही.

## 7. दोन्ही बाजू एकमेकींशी जुळतात का

आपली नाणी उभ्या अक्षावर, म्हणजे पुस्तकाचं पान उलटावं तशी उलटली की मागची बाजूही सरळच दिसते. तिरकी दिसली तर ठसा फिरलेला. हा एरर आहे, व्हरायटी नाही, आणि थोडंसं तिरकं असणं फारच सर्रास आहे. किती अंश ते लिहा आणि सोडून द्या. अगदी आडवी किंवा पूर्ण उलटी बाजू असेल तर वेगळी ठेवा.

अकरा कोनी नाण्यात अजून एक रकाना : चित्र सरळ धरल्यावर वर कोन येतो की सपाट बाजू. लिहून ठेवायला दहा सेकंद लागतात. नुसता हा फरक दाखवून कोणी जास्त पैसे मागत असेल तर नमस्कार करा.

## 8. शेवटी भिंग

आता कुठे भिंग. इथे येईपर्यंत विषय, धातू, कडा, सिंह, वर्ष, खूण सगळं वहीत आहे, म्हणून जे दिसेल ते कशात बसतंय ते कळतं.

पहिला प्रश्न नेहमी एकच : ही रेघ उंच आहे की खोल? लॅम्प एका बाजूने मारा. उंच रेघ असेल तर ती ठशातूनच आलेली, ठशाला तडा गेला की धातू त्यात शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ उठते. खोल असेल तर ओरखडा, नाणं टांकसाळीतून बाहेर पडल्यावरचा. डोळा फसतो, खोल गोष्ट उंच वाटते, म्हणून नाणं 180 अंशात फिरवून परत बघा.

दुसरा प्रश्न दुहेरी अक्षरांचा. "डबल डाय" हा शब्द आजकाल इतका स्वस्त झालाय की विचारू नका. नाणं पाडताना ठसा किंचित हलला तर अक्षराच्या बाजूला पायरीसारखी सपाट, चकचकीत कड तयार होते, आणि मूळ अक्षर तेवढं बारीक होतं. ह्याला कवडीची किंमत नाही. ठसाच दुहेरी तयार झाला असेल तर दोन्ही अक्षरं पूर्ण गोलाईची असतात, टोकाशी फाटल्यासारखी दोन दिसतात, आणि अक्षर एकूण जाड वाटतं. सपाट पायरी की गोल फुगवटा, एवढं बघा.

आणि मग माझा आवडता नियम, जो पाळल्यामुळे मी बऱ्याच वेळा तोंडघशी पडायचा वाचलो : दुसरं नाणं सापडेपर्यंत व्हरायटी म्हणायचं नाही. ठशातला फरक असेल तर तो ठसा हजारो नाण्यांवर उठला असणार. तेच टिंब, त्याच जागी, त्याच आकाराचं, दुसरीकडून आलेल्या नाण्यावर दिसलं पाहिजे. एकाच पिशवीतली दोन चालतात, पण त्यावर वेगवेगळे ओरखडे असले पाहिजेत, नाहीतर कधीकधी लोक एकाच नाण्याचे दोन फोटो पाठवतात. दुसरं मिळत नसेल तर वहीत "संशयित" लिहा, तारीख टाका आणि ठेवून द्या. माझ्याकडे संशयितांची एक आख्खी डबी आहे, त्यातली फार थोडी पुढे खरी निघाली.

तपासा : फरक दाखवायला तुम्हाला "नीट बघा ना, नीट बघा" म्हणावं लागतंय का? मग तो फरक नाही.

## 9. नोंद, पाकीट, आणि मग भाव

नोंद अशी असावी :

*5 रु. / लालबहादूर शास्त्री / 2004 / चिकटतं / 5.97 ग्रॅ. / 23 मिमी / कडा : (दिसेल ती) / सिंह : "रुपये", चिन्ह नाही / खूण : (दिसेल ती) / जुळणी सरळ / भिंग : काही नाही / स्टील प्रकार.*

एवढी एक ओळ. हीच ओळ आणि दोन फोटो कुठल्याही जुन्या संग्राहकाला पाठवा, उत्तर दोन मिनिटांत येईल. फक्त "रेअर आहे का" पाठवलंत तर अंगठा येईल.

पाकिटावर पेनाने लिहायचं ते नाणं आत घालायच्या आधी. आत घालून लिहिलं की बॉलपेनचा दाब नाण्यावर उमटतो. मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटं टाळा, दोन-तीन पावसाळ्यांत नाण्यावर हिरवा चिकट थर धरतात, कोकणात तर लवकरच. कडक पारदर्शक पाकीट किंवा पुठ्ठ्याची चौकट बरी.

भाव बघायचा तो विकलेल्या नाण्यांचा, मागितलेल्यांचा नाही. वैष्णोदेवीचं नाणं लाखात विकलं जातं अशा पोस्ट फिरतात, त्यावर फोन केला की आधी "रजिस्ट्रेशन", मग "कमिशन", मग "टॅक्स". असले लोक रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात पैसे उकळतात म्हणून बँकेने 2021 मध्ये स्वतः इशारा दिला होता, असल्या व्यवहारात आपण नाही आणि कोणाला फी घ्यायला सांगितलेलंही नाही म्हणून. विकणाऱ्याकडून आगाऊ पैसे मागणारा ग्राहक असतो का कुठे?

आणि हो, डबीतली साधी निघालेली दहा रुपयाची स्मारक नाणी दुकानदार घेत नसेल तर त्याला सांगा की ती चालतात. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2018 मध्ये दहा रुपयाच्या नाण्यांची तोवर निघालेली 14 डिझाइन्स वैध आहेत असं जाहीर केलेलं आहे. फक्त गल्ल्यात टाकायच्या आधी पायरी 1 ते 8 करून घ्या.